काहीही न घातलेला रस

दुष्काळाच्या त्या सालात माझ्या बागेतली द्राक्षं हरभऱ्याएवढीच राहिली. व्यापारी बांधावरूनच परत फिरले. मग मी शहाणपणा केला. रस काढून बाटल्यांत भरला आणि नळदुर्गजवळ हायवेवर, आमच्या फळ सोसायटीच्या पत्र्याच्या टपरीत मांडला. जोडीला बायकोनं केलेल्या शेंगदाणे-गुळाच्या वड्या. रस टिकवायची पावडर सोसायटीनं दिली होती; ती मी तोऱ्यात परत केली आणि पाटी रंगवली, ‘यात काहीही घातलेलं नाही.’

बाटल्या ढाब्यावरच्या, बुचं तारेनं आवळलेली, ऊन मार्चचं.

तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. तो गावोगाव द्राक्षाची छाटणी करायचा. त्याच्या उजव्या हातावर घर चालायचं. एप्रिलची छाटणी तोंडावर आली होती. त्यानं बाटलीला कान लावला.

“दाजी, ह्या आतून बोलाय लागल्यात. बुचं सैल करा.”

“ताज्या मालात जीव असतो, पाव्हणं. पावडर घातली असती तर गप पडल्या असत्या.”

“आन् ह्यो फेस?”

“दम हाय रसात.”

मी पक्कड घेतली आणि प्रत्येक तारेला आणखी एकेक पीळ दिला.

दुपारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं रस मागितला, मेहुण्यानं बाटली उचलली, आणि ती त्याच्या मुठीतच फुटली. त्या दणक्यानं शेजारची गेली, मग फळीवरची अख्खी रांग. काचा पत्र्यात घुसल्या. एक तुकडा ड्रायव्हरचा कान चिरून गेला. त्यानं फळीवरून हात घालून माझी गचांडी धरली आणि माझं थोबाड फळीवर आपटलं.

“बाँब विकतो का रे?”

“मालक, यात काहीही घातलेलं न्हाय,” मी म्हणालो. खरं तेच बोललो, तर त्यानं पुन्हा आपटलं. समोरचा एक दात गुळाच्या वडीत राहिला.

तेव्हा कुठं आम्हाला मेहुणा दिसला. मनगट दाबून खाली बसला होता. रक्त कुठलं न् रस कुठला, कळत नव्हतं. ड्रायव्हरनं मला सोडलं, स्वतःचा गमछा त्याच्या हाताला करकचून बांधला आणि आम्हाला ट्रकमधून दवाखान्यात नेलं. वाटेत मी रसाबद्दल समजावून सांगायला लागलो की तो कोपर मारायचा.

डॉक्टरनं टाके घातले. अंगठा वळत नव्हता.

“कात्री धरता यील का?” मेहुण्यानं विचारलं.

“यंदा तर नाही.”

त्यानं कबूल केलेल्या बागा बुडणार होत्या. म्हणून एप्रिलमध्ये कात्री मी धरली. माझीसुद्धा बाग आजवर त्यानंच छाटलेली. मला फक्त द्राक्षं खाता यायची. तो गळ्यात हात बांधून मागं उभा राहायचा, डाव्या हातात निरगुडीची छडी. काडीवरच्या चुकीच्या डोळ्यावर काप गेला की छडी माझ्या पोटरीवर. बागमालक सावलीत बसून बघायचे. एकानं तर बायकापोरांना बोलावून आणलं.

तिसऱ्या बागेत, चौथ्या ओळीला छडी थांबली. मला वाटलं, जमलं बुवा.

“आता चुकत न्हाय ना?” मी विचारलं.

“चुकतंय की. पर डावा हात लई दुखाय लागलाय, दाजी. त्याला सवय न्हाय.”