बेअरिंगच्या आधी सत्कार

"आधी डोळे मिट, मंग तुही साइट दाखव," माझ्या दुकानात शिरताच चाचा म्हणायचे.

यवतमाळात मी दुकानदारांच्या वेबसाइट बनवतो. चाचा बाभुळगावचे, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण तांब्याची तार चिमटीत धरली की तिच्या जाडीचा नंबर सांगतात. एकदा मी त्यांना चुकवायला गेलो आणि चहाची पैज हरलो.

तार, बेअरिंग ते ऑनलाइन मागवायचे, म्हणजे शेजाऱ्याला मागवायला लावायचे. एकदा शेजाऱ्याने भलत्याच नंबरची तार मागवली. मोटार चार दिवस अडकली, आणि गिऱ्हाईक चाचांनाच म्हणालं, दिसत नाही तर धंदा कायले करता? हे सांगताना मात्र चाचा हसले नाहीत. आपला माल आपल्या हाताने मागवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

ज्या दुकानाच्या साइटवरून हा माल यायचा, ती मीच बनवलेली होती. चाचांचा फोन पडद्यावरचं मोठ्याने वाचतो. माझ्या साइटवर तो नुसता "चित्र, चित्र, बटन" बडबडत होता. लाज वाटली हो मला. मी एका बैठकीत प्रत्येक फोटोखाली फोनला वाचता येईल असं वर्णन लिहिलं. आता आपल्याकडे दुकानाच्या साइटवर आधी मालकाच्या सत्काराचे फोटो आणि मग माल, हे तुम्हीही जाणता. मी तेही इमानदारीने लिहिलं. चाचा ऐकत बसले: मालक हार घेताना, मालक शाल पांघरताना, मालक नारळ स्वीकारताना.

"बेटा, मले बेअरिंग पाह्यजे," ते शांतपणे म्हणाले. "मी सत्काराले नाही आलो."

मालकाच्या हातापाया पडून मी ते फोटो तळाशी ढकलले. बटनांना नावं दिली. तरी चाचा दर आठवड्याला एसटीने यायचे आणि नवी खोट काढायचे.

मग एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर ऑर्डर टाकायला घेतली. एका जागी अडले, तसा माझा हात आपसूक पुढे गेला. त्यावर बरोबर चापट बसली. थोड्या वेळाने फोन म्हणाला, "ऑर्डर मिळाली." चाचांनी ते तीनदा वाचून घेतलं, मग बाहेर जाऊन पानठेल्यावाल्यालाही ऐकवलं.

तेव्हापासून चाचा आले नाहीत. तब्येत ठणठणीत आहे, धंदाही जोरात आहे. यायचं कामच उरलं नाही. साइट मीच सांभाळतो, त्यामुळे त्यांच्या ऑर्डरी दिसतात, नंबर अगदी अचूक. खोटं कशाला बोलू, मला करमत नाही. एखादं बटन मुद्दाम बिघडवावं, असं रोज मनात येतं.