होडीघाटाचा शेवटचा दगड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात पिशवी भरून, एसटीला निघायच्या बेतात होते. दोन दिवसांपूर्वीच त्यांचा फोन आला होता, घाटाच्या दगडावर लिहायचं राहिलेलं एक नाव मिळाल्याचा. "नाव सापडनं. फोनवर नही सांगाव. तू ये, मंग सांगसू." मी म्हटलं, रविवारी येते... आणि रविवारी सकाळीच ते गेले. ज्या माणसाने पैलतीरावरच्या कुणाला कधी ताटकळत ठेवलं नाही, त्याला मी दोन दिवस थांबवलं. याची रुखरुख आहे, ती लपवत नाही.

नाना माझे धाकटे काका. तापीवर होडी चालवायचे. पूल होण्याआधी आमच्या गावचा होडीघाट म्हणजे अर्ध्या तालुक्याचं स्टँडच होतं. बाजारकरी, शेळ्या, कापसाची गाठोडी, वऱ्हाडं... सगळं त्या दगडी पायऱ्यांवरून होडीत चढायचं. या पायऱ्या कुठल्याही सरकारने बांधलेल्या नाहीत. मुलगी लग्न होऊन पैलतीरी निघाली की माहेरच्यांनी घाटावर एक दगड बसवायचा, अशी आमच्याकडची रीत. नाना कारण सांगत, "पोर माहेरले यी तवय तिना पाय चिखलमा नको जावाले." लग्नालग्नाने घाट वाढत गेला.

यंदा ग्रामपंचायतीने सिमेंटचा घाट मंजूर करून घेतला. जुने दगड फोडून खडी व्हायची होती. नाना सरपंचांसमोर जाऊन बसले आणि शब्द घेऊनच उठले: ज्या दगडावर नाव असेल तो नव्या कठड्यात बसवायचा, बाकीचे फोडायचे. मग मला बोलावणं आलं, कारण मी निवृत्त शिक्षिका, रिकामी. वही घेऊन बसले. नानांना सगळे दगड पाठ, पण सांगत काय, "हाई पाटीलनी पोर, ती सुतारनी." मी भडकले. "नाना, पोरींना नावं नव्हती का?" ते चपापले. दुसऱ्या दिवसापासून ऐंशी पार केलेला हा माणूस पैलतीरावरची गावं फिरायला लागला; कधी एसटीने, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. ओट्याओट्यावर जाऊन म्हाताऱ्यांना माहेरचं नाव विचारायचं आणि संध्याकाळी पांढऱ्या ऑइलपेंटने ते दगडावर लिहायचं. म्हाताऱ्या आधी लाजत, मग दोनदोनदा सांगत.

राहिला एकच, पाण्यालगतचा. तो नानांच्या थोरल्या बहिणीचा. ती लवकर वारली, आणि घरात सगळे तिला अक्काच म्हणत. खरं नाव नानांना माहीत नव्हतं. त्यांच्यावर डाफरणारी मी, पण ती माझी सख्खी आत्या, आणि मलाही ठाऊक नव्हतं. "अक्काच लिहून टाकू," मी म्हटलं. नाना म्हणाले, "अक्का तं घरोघर शेतस. मनी अक्का कोनती?" त्यांची अक्का घरोघरच्या अक्कांत हरवू द्यायची नव्हती; तो दगड कोराच ठेवून मी जळगावला परतले.

दिवसकार्य आटोपलं तोवर ठेकेदाराचा ट्रॅक्टर घाटावर येऊन उभा राहिला होता. मी पूल ओलांडून आत्याच्या सासरी गेले. तिची धाकटी नणंद, आता पार वाकलेली, ओट्यावर बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "तुना काका बी उना व्हता. आम्ही तिले रुखमा म्हनूत, लगीनमा नाव बदलं व्हतं. माहेरनं नाव द्वारका. सांगं तं रडना. मंग चहा मांगी पिना."

परत येऊन नानांच्या खोलीत रंग शोधला. कोनाड्यात डबा होता आणि शेजारी झाकणाच्या बरणीत, रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश. नाव कळूनही त्यांनी ते लिहिलं नव्हतं. माझी वाट बघत होते. ब्रश बोटांनी दाबून पाहिला... मऊ होता. मी तिथेच खाली बसून रडले.

मग घाटावर जाऊन शेवटच्या दगडावर ठळक अक्षरांत 'द्वारका' लिहिलं आणि रंग वाळेपर्यंत वरच्या पायरीवर बसून राहिले. ट्रॅक्टरवाला जवळ आला आणि त्या दगडाकडे बोट करून म्हणाला, "ताई, हाऊ बी ठेवाना शे का?"

"हाऊ बी," मी म्हटलं.