पंपाचा पाव फेरा

पंप म्हटलं की लोकांना पेट्रोल पंप आठवतो, म्हणून आधीच सांगतो. मी ज्या पंपांची कामं करायचो ते ट्रकच्या इंजिनालाच बसवलेले असतात आणि मोजून मापून डिझेल सोडतात. त्यावर एक स्क्रू असतो. एका बाजूला फिरवला की डिझेल वाढतं, गाडी ओढते आणि काळा धूर सोडते. दुसऱ्या बाजूला फिरवला की ॲव्हरेज सुधारतं, पण गाडी चढाला रडते. दोन्ही एकदम मिळत नाही. हे मला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची मात्र छाती नव्हती. कुणाला नाही म्हणायचं तर माझ्या जिवावर यायचं आणि या स्वभावाला मी त्या काळी चांगुलपणा समजत होतो.

मंगळवार पेठेत आमचं दुकान होतं. काम झालं की स्क्रूला तार ओवायची, तिच्या टोकाला शिशाची गोळी लावायची आणि चिमट्यानं दाबायची. चिमट्यात आमच्या दुकानाची खूण कोरलेली होती. सील शाबूत असेल तर स्क्रूला कुणी हात लावलेला नाही, हे मालकलोक डोळे झाकून धरून चालायचे.

नव्वदच्या दशकातला शेवटचा एखादा गळीत हंगाम असेल. गारगोटीकडचे एक शेतकरी आपला जुना ट्रक घेऊन दुकानात आले. ट्रकमागं ट्रेलर जोडून ते उसाच्या खेपा करत. "मिस्त्री, डिझेल लय खाती गाडी. बारीक कर," म्हणाले. मागच्या ट्रेलरकडं बोट दाखवून मी म्हणायला हवं होतं की हे ओझं आणि ॲव्हरेज एका गाडीत बसत नाही. मी म्हणालो, "करतो की." स्क्रू बारीक केला, सील मारलं.

चौथ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, बारा वर्षं याच गाडीवर. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो.

"गाडी रानातनं निघंना गड्या. चढाला ट्रेलर मागं वढतोय. पयल्या गेअरात बी दम तोडती. कुठंतरी मागं आली म्हंजे?"

"मालकांना सांगा की."

"त्यांनी ऐकलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो? जरा वाढीव."

मी तार तोडली, स्क्रूला पाव फेरा दिला, नवीन गोळी दाबली. दोघांनाही हवं ते दिलं, म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झालो.

पुढच्या आठवड्यात मालक एसटीनं, एकटेच आले. बाकड्यावर बसले, पाणी प्याले आणि आवाज उतरवून म्हणाले, "गाडी बारीक केल्याली हाय, सील बी जागच्या जागी हाय, आणि डिझेल पयल्यावानीच लागतंय. मला वाटतंय मामा डिझेल इकतोय."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मग सील तोडल्याचं सांगावं लागलं असतं. उद्या गावभर झालं असतं की या दुकानाच्या सिलाला काही अर्थ नाही. मी पान्हा पुसत बसलो आणि म्हणालो, "बघूया अजून थोडं दिवस." इतका भेकड मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही.

आठ दिवसांनी मालकांचा निरोप आला. भरल्या गाडीवर कॅन लावायचा होता. म्हणजे टाकीची नळी काढायची, मोजलेल्या डिझेलचा कॅन केबिनमध्ये टांगायचा आणि तो संपेपर्यंत गाडी किती जाते ते बघायचं. कॅनमधलं कुणाला विकता येत नाही. गारगोटीच्या अलीकडं मी पाच लिटरचा पांढरा कॅन खिळ्याला टांगला. मालक मधे बसले, मी दाराशी.

"आज कळंल," मालक म्हणाले, "डिझेल गाडी पिती का माणूस."

मामांनी एकदा मालकांकडं बघितलं. मामांचा चेहरा पडला. मग त्यांनी गेअर टाकला. मी कॅनची नळी चाचपत राहिलो.

सपाट रस्त्यावर कॅन बरा चालला. मी मनात अंतर आणि डिझेल मांडत होतो. पुढं एक लांब चढ होता. वरच्या टपरीपर्यंत गेली तर गाडी बारीक आहे असं धरायचं, हे मालकांनी आधीच ठरवलं होतं. चढ सुरू झाला तेव्हा कॅनमध्ये चार बोटं डिझेल होतं. मामांनी गेअर उतरवला. आरशात काळा धूर दिसला. दोन बोटं. थांबा म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि भरल्या ट्रेलरसकट इथं थांबलेली गाडी पुन्हा उचलायची कशी? वर जाईल, वर जाईल, असं मी म्हणत राहिलो. चढाच्या मध्यावर नळीनं हवा ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मामांनी ब्रेक दाबून धरला. ब्रेक हवेचे होते आणि जुन्या गाडीत हवा टिकत नाही. काटा डोळ्यांदेखत उतरत होता. ट्रेलरला तर ब्रेकच नव्हता. मागून उसाची बैलगाडी येत होती.

"दगड लाव!" मामा ओरडले.

मी उडी टाकली. रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून ट्रकच्या मागच्या चाकाखाली सारला, दुसरा ट्रेलरच्या. ट्रेलर वीतभर मागं आला. धोंडा करकरला आणि थांबला. बैलगाडीवाला खाली उतरून बैलांना बाजूला ओढत होता.

टाकीची नळी जोडून मी हवा काढत होतो. मालक बाजूला येऊन उभे राहिले.

"म्हंजे चोरी न्हाय," ते म्हणाले. "गाडीच पिती. पण बारीक केल्याली गाडी एवढं पिती कशी?"

मामा केबिनमधून म्हणाले, "मी फिरीवला स्क्रू. ट्रेलर वढंना म्हणून."

मालकांनी वाकून सील बघितलं. "आणि गोळी? तुझ्याकडं चिमटा कुठनं आला?"

मी पान्हा खाली ठेवला.

"मी फिरवला, मालक," मी म्हणालो. "मामांनी सांगितलं म्हणून. गोळी माझीच."

मला वाटलं ते हात उगारतील. ते हळू आवाजात बोलले, ते जास्त लागलं. "आरं, ट्रेलर सोड न्हायतर डिझेल घाल, असं तोंडावर सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? तू मिस्त्री हाईस. तुझं ऐकलं असतं की. ह्यो डिझेल इकतोय असं मी तुझ्या दुकानात येऊन बोललोतो. आठ दिस झालं. तवा बी तू गप."

मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मला चोर म्हणत्यात, हे तुला ठावं होतं?"

मी पान्हा उचलून नळीचा नट आवळला.

गाडी सुरू झाली. पाव फेरा वाढवलेला होता म्हणूनच ती जागेवरून हलली. पुन्हा मागं आलीच तर चाकाखाली घालायला म्हणून मी धोंडा पोटाशी धरून, काळा धूर खात, वरपर्यंत ट्रेलरच्या बाजूनं चालत गेलो. टपरीपाशी गाडी थांबली. धोंडा टाकून मी दाराशी गेलो. मालक समोर रस्त्याकडं बघत होते. मामांनी त्यांच्यापुढून हात लांब करून माझी हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली.

"पावणं, तुमी यष्टीनं जावा," ते म्हणाले आणि दार ओढून घेतलं.