उम् खल्फानची गाडी आणि मुसब्बहची दाढी

मुसब्बहला गाडी दुरुस्त करताना बघायचं तर अंगात चिकाटी हवी. आमच्या गावात, वाळू जिथे डांबरी रस्त्यावर चढून येते तिथे, त्याचं गॅरेज आणि त्याला लागून माझं टायरचं दुकान. हा बाबा आधी बॉनेट उघडायचाच नाही. गाडीवाल्यापुढे खजूर ठेवायचा आणि एखादा हकीम नाडी बघत बसतो तसा विचारत बसायचा, की गाडी चढावर दम तोडते की सपाटीला, गार असताना की तापल्यावर. लोक वैतागायचे, मीही वैतागायचो. पण गाडी धड होऊनच बाहेर पडायची आणि त्याची त्याला घमेंडही होती. "माझ्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, तर दाढी उतरवीन," असं तो चारचौघांत सांगायचा.

उम् खल्फानची, म्हणजे खल्फानच्या आईची गाडी मात्र पुन्हा पुन्हा परत आली.

म्हातारी एकटी आत वाळूत राहायची, शेळ्या आणि थोडे उंट घेऊन. नवऱ्यामागे राहिलेली जुनी फोर बाय फोर ती स्वतः चालवायची, तीही अशी, की तरण्या पोरांनी बाजूला व्हावं. अलीकडे ती गाडी वाटेत, नेमकी चढावर, गचके खाऊन बंद पडायची. म्हातारी खाली उतरून काटक्या पेटवायची, कॉफी करून प्यायची, की गाडी मुकाट्याने चालू. तिचं म्हणणं, गाडी उंटासारखीच आहे, थकली की बसणारच.

मुलाला, खल्फानला, हे पटत नव्हतं. तो गावात पक्क्या घरात राहायचा. उन्हाळ्यात आई वाळूत अडकून पडली तर काय, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. त्याने बजावलं, आता एकदा जरी गाडी बंद पडली तरी शेळ्या विकायच्या आणि माझ्या घरी यायचं. म्हातारी तिथून उठली. गॅरेजात येऊन मुसब्बहला म्हणाली, "त्या घरात मला आकाश दिसत नाही रे. काहीतरी कर."

त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, पेट्रोलचा पंप नवा घातला. गॅरेजात इंजिन तालात चालायचं, गावात फेरी मारली तरी तक्रार नाही. वाळूत गेलं की पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, आता तिच्याबरोबर जाऊनच बघतो, आणि जड गाडीचं वागणं कळावं म्हणून मलाही मागे बसवलं. माझ्या वजनाचा गावाला झालेला हा एकमेव उपयोग.

निघताना म्हातारीने पेट्रोल भरलं. टाकीचं मूळ झाकण कधीचंच हरवलं होतं. तिने तोंडावर बकरीचं ओलं कातडं ताणून बांधलं, तुपाच्या बुधल्याला बांधतात तसं, वर सुतळीचे वेढे. मुसब्बहने याआधी त्या गाठीचं कौतुकही केलं होतं.

मोठ्या टेकाडावर गाडी मेली. म्हातारी कॉफीची किटली काढायला लागली. मुसब्बह म्हणाला, थांब खाला, आज कॉफी नंतर. तो एकेक नळी चाचपत मागे टाकीपाशी गेला आणि कातडं बघून तिथेच उभा राहिला. उन्हाने सुकून ते आत ओढलं गेलं होतं, वाटीसारखं. त्याने गाठ सोडली तशी टाकीने सूं करून हवा ओढली. मग त्याने चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं.

म्हातारीला समजायला वेळ लागला नाही. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी, आणि तिने तर तुपाला मुंगी लागू नये अशा बेताने तोंड बांधलं होतं. कॉफी होईपर्यंत गाठीतून थोडी हवा झिरपायची, एवढंच. गावात येताच ती आधी पेट्रोल भरायची, म्हणजे कातडं सुटायचं, म्हणून गॅरेजात दुखणं कधी दिसलंच नाही.

मग तिने कॉफी केलीच. आम्हाला दिली, पण स्वतःचा पेला न पिता वाळूवर ठेवला. आमच्यात असा पेला ठेवला की समोरच्याने मागणं ऐकायच्या आधी हो म्हणायचं असतं.

"पी खाला, दिलं," मुसब्बह म्हणाला.

"खल्फानला सांगू नकोस हे मी बांधलं होतं म्हणून. म्हणेल, आईची अक्कल गेली."

दुसऱ्या दिवशी खल्फान गॅरेजात आला तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली. मुसब्बहने सगळ्यांदेखत सांगितलं, "टाकीचं झाकण मीच चुकीचं बसवलं होतं. आता भोकवालं बसवलंय. तुझ्या आईला शेळ्यांकडे जाऊ दे." खल्फानने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. समोरच्या न्हाव्याने वस्तरा पाठवून दिला. पुढे कित्येक वर्षं लोक विचारायचे, मुसब्बह, दाढी कधी उतरवतोस? तो हसायचा. माझी जीभ वळवळायची, पण शब्द त्याने दिला होता आणि त्या वाळूवर मीही बसलेला होतो.

म्हातारी शेवटपर्यंत वाळूतच राहिली, गेलीही तिथेच. दुखवट्याला आम्ही गेलो, तर खल्फानने मुसब्बहला स्वतःच्या हाताने कॉफी ओतून दिली आणि शेजारी बसला.

"ते कातडं मी तिच्या दर खेपेला बघायचो," तो हळूच म्हणाला. "आईची गाठ मला ओळखता येत नाही, असं वाटलं तुला?"