गंगाक्काची तेरा अंडी

तुम्ही कधी अंडं कानाशी धरून हलवलं आहे का? खायला घेताना आपण सगळेच हलवतो. आत डुचमळलं तर जुनं, नाही तर ताजं. पण जे उबवायला ठेवायचं, ज्यातून पिल्लू निघायचं, ते जोरात हलवलं तर काय होतं — हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. ते मीच छापलं होतं.

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. माझी पत्रकं वाचणाऱ्यांना वाटतं, हा माणूस पोटात काही ठेवत नाही. सरकारवर लिहितो, सोवळ्या-ओवळ्यावर लिहितो, नाव घेऊन लिहितो. खरं आहे. दुसऱ्यांचं मी काहीच पोटात ठेवत नाही.

गंगाक्का माझी चुलत बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला निपाणीला दिली होती. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला. तो छातीच्या दुखण्याने गेला आणि ती आमच्या खानापूरकडच्या गावी, आमच्या एकत्र घरात, माहेरी परत आली. भावजयीने तिला मागच्या पडवीत जागा दिली. हळदी-कुंकवाला बायका जमल्या की ती आपण होऊन गोठ्यात जायची.

त्याच सुमाराला मी बेळगावची शाळा सोडून घरी आलो होतो. चाकरी करायची नाही असं ठरवलं होतं, आणि इतरांनीही करू नये म्हणून एक पत्रक लिहिलं होतं — कोंबड्या पाळून पोट कसं भरावं. टिळकवाडीतल्या एका मास्तरांनी ते छापून दिलं. त्यात मी तीन वाटा सांगितल्या होत्या: डाक बंगल्याच्या खानसाम्याला अंडी, जत्रेला नर, आणि मिरचीच्या मळ्याला खत म्हणून शीट. उबवणीच्या अंड्यांना हिसका बसू देऊ नये, हेही त्यात होतं. बाजारात मी ते उभा राहून वाचलं. लोक ऐकत, हसत, आणि विडी पेटवायला पत्रक घेऊन जात.

स्वतः केल्याशिवाय सांगू नये हे माझं तत्त्व. म्हणून बारा कोंबड्या आणल्या, पुस्तकातलं चित्र बघून खुराडं बांधलं. मुंगसाने एका दुपारी सात मारल्या. उरलेल्या आईने पाहुण्यांना रांधून घातल्या.

आक्काला अक्षर येत नव्हतं. तिने ते पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, अंगण झाडता झाडता. मग विचारलं, "आणि खुडूक कोंबडीचं काय लिवलंस?"

काहीच लिहिलं नव्हतं. अंडी घालायची थांबून नुसती बसून राहणारी कोंबडी म्हणजे घरच्यांना ताप. तिला पाण्यात बुडवतात, पाय बांधतात. आक्का तशा कोंबड्या मागून आणू लागली. रोपलावणीच्या दिवसांत बायकांना अंड्यांकडे बघायला सवड नसते. त्या अंडी आक्काकडे देत. ती डालग्यात, म्हणजे बांबूच्या टोपलीत, राख, कडुलिंबाचा पाला, वर गवत घालून खुडूक बसवायची. निघालेली पिल्लं निम्मी अंडीवालीची, निम्मी तिची. ही चौथी वाट. मला सुचली नव्हती.

वर्षभरात पडवी भरली. शेजारच्या गावांतून बायका येऊ लागल्या. आणि मी काय करत होतो? मी माडीच्या खिडकीतून मोजत होतो — कितीजणी आल्या, किती वेळ बसल्या. भावजय आता तिला आधी जेवायला वाढायची, तेही मी बघायचो. मला आनंद व्हायला हवा होता. माझंच तत्त्व तिच्या अंगणात चालत होतं. मग मी मोजत का होतो?

एकदा मास्तर गावी आले. माझं काम बघायला म्हणून आले आणि सगळी सकाळ आक्काच्या पडवीत उकिडवे बसून राहिले. निघताना म्हणाले, "शिवराम, तू लिहिलंस ते हिने केलं. पुढचं पत्रक हिला विचारून लिही." ते हसून म्हणाले. मला तो शब्द वर्षभर पुरला.

मास्तरांनीच मग बेळगावच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून पांढऱ्या विलायती कोंबड्यांची तेरा अंडी मिळवली. तशी जात आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. आक्काने पाचजणींना पिल्लांचा शब्द देऊन टाकला. आणायला कोण जाणार? मी. निघताना ती म्हणाली, "गाडीत मांडीवर घे रं. खाली ठिवू न्हको. हिसका बसला तर आत काय ऱ्हात न्हाय बघ."

"मला शिकवतीस व्हय?" मी म्हणालो. ती हसली. "तुझ्याच कागदात हाय की."

बेळगावपासून खानापूरपर्यंत करंडी माझ्या मांडीवर होती. भाताच्या तुसात एकेक अंडं नीट रोवलेलं. स्टेशनातून गावाकडे चालत निघालो. वाटेत फणसाखाली बसलो. दुपार होती, रस्त्याला कुणी नव्हतं.

मला राग आला होता असं सांगितलं तर तुम्हाला समजायला सोपं जाईल. पण राग असता तर मी ती फोडली असती. मी एकेक अंडं तुसातून काढलं, कानाशी धरून जोरात हलवलं — पुन्हा, पुन्हा — आणि होतं तसं परत रोवलं. तेराव्याला हात थांबला. एक तरी राहू दे, असं वाटलं. मग त्या एकाच्या पिल्लाभोवती जमलेल्या बायका मला दिसल्या. तेही हलवलं.

अंडी खुडुकीखाली ठेवल्यापासून विसाव्या दिवशी आक्काने परातीत कोमट पाणी घेतलं. आत जीव असला की या दिवसांत अंडं पाण्यावर डुलतं, म्हणून बघतात. शब्द दिलेल्या पाचजणी भोवती बसल्या होत्या. तेरा अंडी पाण्यात होती आणि पाणी हलत नव्हतं. मग पाटलाची सून पदर सावरत उठली. "पांढऱ्या पायाच्या बाईच्या हातनं पिल्लं काढायला निघाल्यात," ती म्हणाली. "एवढे दिस निघाली हेच लई झालं."

आक्काने माझ्याकडे बघितलं. "वाटंत पडलीबिडली न्हाईत न्हवं रं शिवा?"

"न्हाय आक्का. मांडीवर हुती."

"मग माझाच हात," ती म्हणाली, आणि परात उचलून आत गेली.

मी तिथेच उभा होतो. विधवेला अपशकुनी मानणाऱ्यांवर मी चार वेळा लिहिलं होतं. त्या अंगणात एक वाक्य बोलायचं होतं — चारच शब्दांचं.

महिन्याभरात बायका आपापल्या कोंबड्या घेऊन गेल्या. अंडी यायची थांबली. आक्का निपाणीला गेली, वखारीत तंबाखूची पानं निवडायला. ज्या धुरळ्याने नवरा गेला त्याच धुरळ्यात. जाताना मला म्हणाली, "तू लिवत ऱ्हा बाबा."

मी लिहिलं. विधवांच्या हाताला विटाळ मानणाऱ्या गावावर जे पत्रक मी काढलं, ज्याने माझं नाव बेळगावापासून नंदगडपर्यंत झालं, ते तिच्यावरच आहे. पडवी आहे, परात आहे, पाटलाची सूनही आहे. अंडी का निघाली नाहीत, तेवढं नाही. वाचून लोकांचे डोळे भरले. मास्तरांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

आक्का अजून निपाणीत आहे. खोकते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून झालं की पहिला कागद घेऊन जाणार आहे. ती काय म्हणेल ते तिचं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आमच्या बाजूला खुडूक बसवताना बायका आजही म्हणतात, गंगाक्कासारखा हात नको. त्यांना वाचता येत नाही. माझं कुठलंच पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. तुम्हाला वाचता येतं. तेव्हा हा कागद घरात ठेवू नका. जिथे डालगं दिसेल त्या अंगणात जा आणि तिथल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवा — ती अंडी शिवरामने हलवली होती.