शेजारणीचा उपास
कुकरच्या शिट्टीबरोबर तुरीच्या डाळीचा वास सुटला, की मला दारव्ह्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मी तेव्हा बारावीत होते. आईनं दुकानात चार-पाच झाकणं लावून-काढून पाहत एक स्टीलचा कुकर निवडला होता. शेजारच्या काकूंनाही तसाच घ्यायचा होता, पण त्यांना शिट्टीची भीती वाटायची. आमचं घर बौद्धांचं, त्यांचं शेतीवाल्या पाटलांचं. मधली भिंत मात्र एकच. आईनं त्यांना ओट्याशी बोलावलं आणि रबर कसं बसवायचं, पाणी किती घालायचं, वाफ पुरती जिरल्याशिवाय झाकण का उघडायचं नाही, हे सगळं वरण-भात लावून दाखवलं. काकूंनी स्वतःच्या हातानं झाकण लावून पाहिलं, लहान मुलीसारख्या हसल्या. मग आईनं ताट वाढलं, तर म्हणाल्या, "नाही वो बाई, मले आज उपास हाये." त्या गेल्यावर त्यांचा चष्मा ओट्यावर दिसला. तो द्यायला मी गेले, तर काकू पोळी-भाजी खात बसलेल्या. मला पाहून त्यांचा हात ताटातच थांबला. मी चष्मा ठेवून परत आले. माझा चेहरा पाहून आईनं विचारलं, "जेवून राह्यल्या होत्या ना?" मी चिडले, "तुले माहीत होतं, तं मंग शिकवलं कायले?" आई वरण ढवळत म्हणाली, "झाकण चुकलं असतं तं भाजली असती ते." आईला जाऊन आता चार वर्षं झाली. तिचा तो चांगुलपणा मला अजूनही सहन होत नाही.