विहिरीवर बसवलेलं समीकरण

चहा येईपर्यंत माझ्या शहाणपणाची एक गोष्ट सांगतो. हसा खुशाल, मला मात्र अजून हसू येत नाही.

मी सेलूला कॉलेजात गणित शिकवतो. माझी वंदनाताई हिंगणीला शेती करते. दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला, "बापू, इहिरीचं पानी पुरंल का रे? गहू पेरू का चना?"

गव्हाला पाणी भरपूर लागतं, चना दोन पाण्यांत भागवतो. एवढ्याला गणित कशाला हवं? पण मास्तराला राहवतं का! म्हटलं, "दर पाच दिवसांनी पानी मापून पाठवजो. मी समीकरण मांडतो."

बिचारीने दोर सोडून, हातावर मोजून, आठ मापं पाठवली. सात हळूहळू उतरणारी. एक मात्र एकदम तीन हात खाली.

"हे एकच असं काऊन?"

"त्या दिवशी मोटर लावलती ना, वांग्याले पानी द्याले."

"मंग ते धरत नाई. त्यानं रेघ बिघडते."

"तू म्हनशीन तसं."

उरलेल्या सात मापांवर मी सात स्थिरांकांचं समीकरण बसवलं. स्थिरांक म्हणजे रेघ हवी तशी वळवायच्या खुंट्या. रेघ प्रत्येक ठिपक्यातून अशी अचूक गेली की मी स्वतःवरच खूश झालो. अहो, सात ठिपक्यांना सात खुंट्या दिल्या तर ती जाणारच! खुंट्या कमी ठेवा, दोन-तीन मापं पडताळ्यासाठी बाजूला काढा, हे दर वर्षी पोरांना मीच शिकवतो.

त्यात शेवटच्या ठिपक्यानंतर रेघ चक्क वर चढली. पावसाळा सरल्यावर विहिरीला पाणी वाढतं कधी? मी मनाशी म्हटलं, जवळच्या धरणाचा कालवा सुटत असेल, त्याचा झिरपा येत असेल.

"ताई, बिनघोर गहू पेरजो."

गहू पेरला की मोटर सारखी चालणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मोटर चालू असतानाचं एकच माप माझ्याकडे होतं, तेच मी फेकून दिलं होतं. ओंब्या भरायच्या वेळी विहिरीने तळ गाठला.

मी गेलो तेव्हा गहू उभ्या उभ्या वाळत होता. फार वाईट वाटलं. चूक कबूल करायची असं ठरवूनच गेलो होतो. ताईने ताट वाढलं आणि समोर बसली.

"माह्याच मापात काही चुकलं असंल रे बापू. तुह्या गनिताले काऊन बोल लावू?"

आणि मी, तोंडातला घास गिळून, म्हणालो, "होते ताई कधी कधी. पुढच्या साली जरा बराबर मापजो."